धुराबद्दल डॉक्टरबाई जे म्हणाल्या

अण्णा,

तू गेल्यापासून माणसं येतच आहेत. चामराजपेटेतून दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला माझ्या घरी येतात, वहिनींचा हात हातात धरून बसतात, आणि निघताना माझ्याकडे वळून म्हणतात, सुमन, भावाला तू जपलंस तसं कुणी जपणार नाही. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं मी रडू आवरतेय.

मान का खाली जाते ते तुला सांगायला हवं होतं. तुझ्या हयातीत सांगायला हवं होतं.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आपण डॉक्टरबाईंकडे गेलो, ती शेवटची खेप. त्या कोलकात्याकडच्या, बोलणं सगळं इंग्रजीत. तुला मराठी येत होतं, कन्नड येत होतं, तमिळमध्ये भांडता येत होतं, पण इंग्रजी सुरू झालं की तू माझ्या तोंडाकडे बघायचास. तपासून झाल्यावर तू पडद्यामागे शर्टाची बटणं लावत होतास. बाई मला हळू आवाजात म्हणाल्या की फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, यांना आवडतं काय? मी सांगितलं, धूर. मटण, मासे घरी धुरावर धरायचा नाद आहे, तो मी बंद केलाय. त्या हसल्या. म्हणाल्या, मग एकदा-दोनदा करू द्या की. उघड्या गच्चीवर न्या, ऑक्सिजनचं मशीन खालीच राहू दे, विस्तवाजवळ दुसरं कुणी बसा, आणि यांना धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला लांब खुर्ची टाकून द्या. अर्धा तास. एवढंही नाकारून तुम्ही आता काही वाचवणार नाही.

तू बटणं लावून बाहेर आलास. विचारलंस, "काय म्हणाल्या गं?"

मी म्हटलं, "धूर अजिबात नको म्हणाल्या."

"सरी," म्हणालास, तुझं नेहमीचं कन्नड 'बरं', आणि बाईंना नमस्कार केलास.

आपल्या घरातलं सगळं इंग्रजी मीच वाचत आले. कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे विजेच्या खात्याचं पत्र असो, घरमालकाचा करार असो, वहिनींच्या ऑपरेशनचा कागद असो, तो माझ्यासमोर यायचा आणि मी वाचून सांगायचे. तू कधी दुसऱ्याला विचारून खात्री केली नाहीस. मी कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ह्याचा मला अभिमान होता. माझ्या पदवीचा खरा उपयोग मी तोच मानत होते, पगाराचा नंबर त्याच्या खाली.

आणि ज्या एका वाक्यात तुझा अर्धा तास होता ते मी गाळलं.

*

तुझा नाद आईकडून आला, पण आईला जळण कुठलं ह्याचं काही पडलेलं नव्हतं. न्हाणीघरातल्या चुलीवर अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा हंडा असायचा, त्याच्या वर आडवी तार. मीठ, हळद, तिखट लावलेल्या मटणाच्या पट्ट्या आई त्या तारेवर टाकायची आणि खाली मिळेल ते जाळायची. झावळी, करवंट्या, मोडकी खुर्ची. आपण अंघोळ करायचो आणि डोक्यावर मटण धुरत असायचं. शाळेत माझ्या केसांना वास यायचा. एका मुलीने बाईंना सांगून जागा बदलून घेतली होती. हे मी तुला सांगितलं होतं, आणि तू म्हणाला होतास, तिला डब्यातला एक तुकडा दे, परत येईल. मी दिला, आणि ती आली.

तू सुतारकामाला लागलास तेव्हा भुसा घरात आला, आणि त्याच्याबरोबर तुझे नियम आले. डबा घ्यायचा, बुडाशी बाजूला भोक पाडायचं, मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद वर ओढायची. करवंटीचा एक निखारा खालून सरकवला की सकाळपासून दुपारपर्यंत जाळ न होता धूर निघत राहतो. कुठला भुसा, हा प्रश्न तू लग्नाच्या स्थळासारखा बघायचास. फणस पहिला. पेरू दुसरा, मिळाला तर. आंबा चालेल. सिल्व्हर ओक म्हणजे गरिबाचा आंबा. साग नको, त्याचं तेल जिभेवर बसतं. निलगिरी नको, मटणाला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. खोक्यांचं पाइन नको, त्याचा डिंक काजळी धरतो. कडुनिंबाचं तर नावही नको. आणि प्लायवूडचा भुसा जो टाकील त्याचा हात मी करवतीखाली धरीन, असं तू म्हणायचास.

तो हात माझाच निघाला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दसऱ्याला पाहुणे येणार होते, तू गिऱ्हाइकाकडे कामाला गेला होतास, आणि मी मोठ्या रुबाबात म्हटलं, डबा मी भरते. तुझ्या कामाच्या शेडमधलं पिवळसर दिसलं ते पोतं उघडलं. फणसाचा भुसा पिवळा असतो एवढं मला माहीत होतं. दाबून बनवलेल्या फळ्यांचा भुसाही तसाच दिसतो, हे माहीत नव्हतं. संध्याकाळी तू एक तुकडा तोंडात टाकलास, थुंकलास, आणि सगळं मटण परसात खड्डा काढून पुरलंस. त्यात डिंक आहे, कुत्र्यालाही घालू नको म्हणालास. मला वाटलं आता पाहुण्यांसमोर माझी शोभा होणार. तू त्यांना सांगितलंस, पोतं मीच चुकलो. आणि मागच्या दाराशी येऊन मला म्हणालास, "काय गं पदवीधर, पदवीच्या तीन वर्षांत नाक शिकवत नाहीत का?"

त्यानंतर मी हट्टाने शिकले. डिंकाच्या लाकडाला काजळी का येते, ओल्या भुशाचा धूर आंबट आणि डोळ्याला लागणारा का, कोरडा पेट का घेतो, हे सगळं प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून एका वहीत लिहून आणलं आणि तुला वाचून दाखवलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालास, सगळं बरोबर आहे, पण हे मला नाकाने कळतं आणि तुला फी भरून कळलं. वही मात्र तू शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचास, आमच्या सुमीने धुरावर लिहिलंय.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. माझं म्हणणं होतं की नुसत्या करवंटीचा कोळसा सगळ्यात स्वच्छ. धूर कमी, काजळी नाही, छातीला त्रास कमी. तू म्हणायचास, करवंटी पेटवायला ठीक, पण तिचा स्वभाव घाईचा. भाजून देते, मुरू देत नाही. मी म्हणायचे, धूर दिसत नाही म्हणजे नाही असं नाही, पण निदान... आणि तू पुढचं बोलूच द्यायचा नाहीस. मागे मी ऑनलाइन सफरचंदाच्या लाकडाच्या चिपा मागवल्या होत्या, छान पुड्यात, बाहेर चित्र. तू नाकाला लावून म्हणालास, पाहुणे म्हणून ठीक आहेत, चहा पाजून पाठवून दे. तरी एकदा वापरल्यास. बांगड्यावर. वहिनींना आवडला म्हणून दोन दिवस त्यांच्याशी धड बोलला नाहीस.

फणस तुला मिळायचा तो वीणा करणाऱ्या म्हाताऱ्यांकडून. तुझ्या शेडमध्ये हळूहळू नुसत्या तयार फळ्या येऊ लागल्या होत्या आणि खरं लाकूड कापायचं कामच उरलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून ते म्हातारे फणसाच्या ओंडक्यातून वीणेचा भोपळा कोरत बसायचे, आणि त्यांच्या पायाशी पिवळाधमक भुसा आणि ढलप्या पडलेल्या असायच्या. ते कांदासुद्धा न खाणारे. पोतं भरताना त्यांनी विचारलं, कशाला नेतोस, तर तू म्हणालास, न्हाणीघरात जाळतो. खोटं नव्हतं. अर्धं होतं. घरी येऊन आपण किती हसलो. आता मला ते हसू आठवतं तेव्हा अर्धं सांगणं मीही तुझ्याचकडून शिकले असं म्हणायचा मोह होतो. पण तुझ्या अर्ध्याने त्या म्हाताऱ्यांचं काही गेलं नाही.

*

तुझा खोकला राहीना तेव्हा पहिल्याच तपासणीत डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की तीस वर्षांचा शेडमधला बारीक भुसा आणि घरातला धूर, दोन्हींनी मिळून हे केलं आहे. ते मी तुला पूर्ण सांगितलं होतं. तेव्हा तू शेड सोडलीस, मग भाड्याचं घर सोडलंस, आणि तू नि वहिनी माझ्याकडे चौथ्या मजल्यावर आलात. दोन खोल्या, एक बाल्कनी, तिला जाळी. ऑक्सिजनच्या मशीनची नळी जेवढी लांब तेवढंच तुझं घर. पलंग ते संडास, पलंग ते स्वयंपाकघराचा उंबरा. तू एकदा नळी मोजलीस, टेपने, सुताराच्या सवयीने. किती भरली ते कुणाला सांगितलं नाहीस.

त्या कढईच्या दिवसाबद्दल मी माफी मागितली नाही. मी कंपनीतून आले तर लिफ्टच्या दारातच वास. तू नाकात नळी घालून गॅसपुढे उभा. कढईत चहाची पूड, मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, वर जाळी, जाळीवर एकच बांगडा, आणि घट्ट झाकण. वहिनी खाली भाजी घ्यायला गेल्या होत्या. ऑक्सिजन आणि उघडी ज्योत, एवढ्या अंतरावर. मी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, अण्णा. काय होऊ शकलं असतं ते मला दिसत होतं. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "हे माझं घर आहे. माझ्या घरात असलं चालणार नाही."

तू झाकणावरचा हात काढलास. म्हणालास, "सरी. तुझं घर."

गॅस बंद करणं बरोबर होतं, आजही म्हणेन. ते वाक्य बरोबर नव्हतं. रात्रभर मनात जुळवत होते कसं मागे घ्यावं, आणि सकाळी तू नेहमीसारखा म्हणालास, पत्तीचा धूर म्हणजे धुराची नक्कल, उगाच शिव्या खाल्ल्या. वहिनींनी तो बांगडा जेवणात वाढला. चांगला झाला होता. मी तेही म्हटलं नाही.

त्यानंतर तू नुसता वास घ्यायला लागलास. उशाशी तीन प्लास्टिकच्या डब्या, एकात फणस, एकात पेरू, एकात आंबा. झाकण उघडायचं, नाकाजवळ न्यायचं, बंद करायचं. मी म्हटलं, हा भुसाच आहे, ह्यानेच केलंय सगळं, आणि उचलून कचऱ्यात टाकल्या. माझं चूक नव्हतं. तुझ्या बाबतीत माझं सहसा चूक नसायचं. एकेक करून सगळं मी बरोबर कारणांनी काढून घेतलं, आणि शेवटी तुझ्याकडे खिडकी राहिली आणि माझ्याकडे बरोबर असणं राहिलं.

म्हणून त्या दिवशी दवाखान्यात बाई हसून म्हणाल्या, करू द्या की, तेव्हा मला राग आला. इतके महिने मी पहारा दिला, तुझ्याशी वाईट वागले, आणि ही बाई एका वाक्यात मला खोटं पाडते? शिवाय मी दमले होते. गच्चीची परवानगी, सोसायटीचे सेक्रेटरी, तुला लिफ्टमधून वर नेणं, मशीनपासून दूर तो अर्धा तास, मध्येच दम लागला तर. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी म्हटलं, अजिबात नको म्हणाल्या.

वाटलं होतं, दोन-चार दिवसांनी सांगू. जरा थंडी कमी झाली की. पुढच्या रविवारी. तू त्यानंतर तीन महिने होतास.

*

तेरावं झालं, गोड जेवण झालं. मग तिखटाचा दिवस ठरला. त्या दिवशी तुझं पान मांडायचं, तुझ्या आवडीचं सगळं वाढायचं, आणि तू येऊन जेवावंस म्हणून दार लोटून सगळ्यांनी बाहेर थांबायचं. वहिनी म्हणाल्या, पानावर धुरीचं मटण हवं, आणि ते, सुमन, तुझ्याशिवाय कुणाला जमणार, त्यांनी तुलाच शिकवलंय.

नाही म्हणायला मला एकही कारण सुचलं नाही. मी वीणेवाल्या म्हाताऱ्यांकडे गेले. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी हातातली वीणा बाजूला ठेवली आणि स्वतः पोतं भरून दिलं, काही न विचारता. मी घरी येऊन भुसा मुठीत दाबून पाहिला, वास घेतला, दोनदा घेतला. सेक्रेटरींना गच्चीबद्दल विचारायला गेले. मी तयारीनेच गेले होते, काय काय बोलायचं ते ठरवून. ते म्हणाले, सकाळी करा, कपडे वाळत घालायच्या आत आवरा. बस्स. एवढंच होतं ते, अण्णा. परवानगीला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गच्चीवर मी जुन्या पत्र्याच्या पिंपात तार बांधली, खाली डबा ठेवला. करवंटी पेटवायलाच वापरली. माझं भांडण मी सोडून दिलं, किंवा आता जिंकण्यात काही राहिलं नाही म्हण. बाटली ओढताना भुसा एकदा ढासळला, पुन्हा ठासला. मग धूर लागला, पातळ, निळसर, तुला हवा तसा. वहिनी वर आल्या आणि कठड्याशी बसल्या. वाऱ्याचा झोत पलीकडे होता, त्यांच्याकडे काहीच येत नव्हतं. त्या बसल्या ती जागा नेमकी डॉक्टरबाईंनी सांगितली तशी होती. तिथे एक खुर्ची सहज मावली असती.

मी सांगून टाकलं. पिंपाकडे बघत, पट्ट्या उलटत सांगितलं. बाई काय म्हणाल्या, मी तुला काय सांगितलं.

मला वाटलं वहिनी ओरडतील, आणि ओरडल्या तर बरं होईल. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं होतं. बाई हसत होत्या, म्हणाले, मी पडद्यामागून ऐकलं. नुसतं नको म्हणायला कुणी हसत नाही. अजून काही म्हणाल्या असतील का?"

"मग?"

"मी म्हटलं, सुमन तुमच्यापासून काही लपवायची नाही."

चिमटा हातात होता, पट्टी अर्धी उलटली होती. मी ती उलटली. वहिनींनी पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही. त्या म्हणाल्या, तू आज बोललीस आणि मोकळी झालीस, मी काय करू आता? त्यांना मी अडवलं, सुमन. ते तुला परत विचारणार होते.

मी मोकळी झाले नव्हते, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

*

दुपारी पान मांडलं, तुझ्याच खोलीत, पलंग होता त्या जागी. नाचणीच्या उकडीचे गोळे, आपले मुद्दे, सार, धुरीचं मटण तेलावर परतून, कांदा, लिंबू. सगळ्यांनी नमस्कार केला आणि बाहेर निघाले. मीही निघाले. वहिनींनी दारात माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, सुमन आत बसेल.

मल्लेश्वरमच्या आत्या म्हणाल्या, असं नसतं गं, आत कुणी थांबायचं नसतं, तो यायचा नाही.

"आज असू दे," वहिनी म्हणाल्या. मग मला, हळूच, "त्यांना सांग. पूर्ण." आणि दार लोटून घेतलं.

मी तुझ्या पानासमोर बसले. बाहेर माणसं होती, त्यांची कुजबुज येत होती, उठून जाता येत नव्हतं. मी सुरुवात केली. बाईंनी काय तपासलं, मला काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, त्या हसल्या तेसुद्धा. गच्ची, मशीन खाली, कुणीतरी विस्तवाजवळ, लांब खुर्ची, अर्धा तास. इथपर्यंत मराठी नीट येत गेलं. मग शेवटचं वाक्य आलं, एवढंही नाकारून काही वाचणार नाही, आणि माझी जीभ अडली. तू समोर नव्हतास तरी अडली. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी रागाच्या आणि दमण्याच्या खाली हेही होतं. गच्चीवर ने म्हटलं की तू विचारणार, आजच का परवानगी? आणि त्याचं उत्तर तू मरणार आहेस हे होतं. ते मराठीत, माझ्या तोंडाने. हे मी सुटका म्हणून सांगत नाही. तुला ते कळलेलंच होतं. टेपने नळी मोजणाऱ्या माणसाला कळतं.

मी ते वाक्य बोलले. दोनदा बोलले.

दार उघडलं तेव्हा वहिनींनी पानातलं मटण सगळ्यांना एकेक तुकडा वाटलं. आत्या म्हणाल्या, अगदी त्याच्या हातचं. मला तुकडा सर्वांत शेवटी मिळाला, पण मिळाला. भुसा फणसाचाच होता, त्यात चूक नव्हती.

वहिनी माझ्याकडेच आहेत. त्या कुठे जाणार, आणि मी त्यांना सोडून कुठे जाणार. चहा होतो, भाजी निवडली जाते, तुझी खोली झाडली जाते. तिखटाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या दवाखान्याच्या कागदांची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, वाच. पहिल्यापासून. जे लिहिलंय ते सगळं. मी कंपनीतून आले की रोज दोन-तीन कागद वाचते. तपासण्या, औषधं, आकडे, बाईंचं तिरकं अक्षर. एका ठिकाणी मी म्हटलं, हे नुसतं औषधाचं नाव आहे, तर म्हणाल्या, नाव वाच. त्या कागदाकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. तू बघायचास तसं नाही. तू विश्वासाने बघायचास.

आज शेवटचा कागद आला, त्या खेपेचा. ऑक्सिजन किती, गोळ्या कुठल्या, सगळं वाचलं. खाली एक ओळ होती. मी ती आधी मनात वाचली, आणि वहिनींना ते कळलं.

"काय लिहिलंय?"

मी मराठीत सांगितलं, "रुग्णाच्या बहिणीला सगळं समजावून सांगितलं आहे."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही, वहिनी. बाईंची सही आहे."